नमुन्याच्या चिपपासून मोफत बोर्डापर्यंत

इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी कारागिरांना आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना चिप, सुटे भाग किंवा अख्खे बोर्ड मोफत देण्याची प्रथा सेमीकंडक्टर उद्योगाच्या विक्रीच्या गरजेतून जन्मली. एखाद्या यंत्रात कोणती चिप बसणार हे ठरते ते इंजिनिअर पहिले सर्किट काढायला बसतो तेव्हा. एकदा ती चिप धरून बोर्ड आखला, प्रोग्रॅम लिहिला, चाचण्या पार पडल्या, की ते यंत्र बाजारात असेपर्यंत त्याच चिपची खरेदी होत राहते. मध्येच ती बदलायची म्हटली तर सगळे काम पुन्हा करावे लागते. त्यामुळे चिप बनवणाऱ्या कंपनीचा खरा सौदा लाखभर नगांची ऑर्डर येते त्या दिवशी होत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी, दोन-चार नग कुणाच्या तरी टेबलावर पोचतात तेव्हाच झालेला असतो. ते दोन-चार नग फुकट द्यायला कंपनीला फारसे काही लागत नाही. पुष्कळदा चिपपेक्षा तिची पाठवणावळच जास्त पडते.

या हिशेबात हौशी माणूस मुळात धरलेलाच नव्हता. तो लाखभर नग कधी घेणार नव्हता. तरीही मोफत वाटपाचा मोठा लाभ त्यालाच झाला, आणि पुढे तर कंपन्या, मासिके, शाळा आणि सरकारे यांनी खास त्याच्यासाठीच वाटप सुरू केले. सुमारे सत्तर वर्षांच्या या वाटचालीत यश-अपयशाचे कारण बहुतेक वेळा एकच दिसते. वस्तूबरोबर नीट लिहिलेली पुस्तिका, फुकट आणि सोपे सॉफ्टवेअर, आणि पहिला नग जळाला तर दुसरा परवडेल अशी किंमत असेल, तिथे वाटप फळाला आले. नुसतीच वस्तू दिली गेली, तिथे ती खणात पडून राहिली.

सुरुवातीच्या काळात फुकट मिळण्यापेक्षा टाकाऊ मालातून मिळण्याचा मार्ग मोठा होता. १९५३ साली अमेरिकेतील रेथिऑन कंपनीने सीके७२२ हा ट्रान्झिस्टर किरकोळ विक्रीला आणला. ही कंपनी श्रवणयंत्रांसाठी सीके७१८ हा ट्रान्झिस्टर बनवत होती. जे नग त्या कामाच्या कसोटीला उतरत नसत, ते वेगळे काढून सीके७२२ या नावाने हौशी लोकांना विकले गेले. सुरुवातीची किंमत ७.६० डॉलर होती, म्हणजे शाळकरी मुलाला जडच. पण दशक संपेपर्यंत ती एका डॉलरच्या आत आली. अमेरिकेतील एका अख्ख्या पिढीचा हातात घेतलेला पहिला ट्रान्झिस्टर हाच होता. कारखान्याने नाकारलेल्या मालावर एक छंद उभा राहू शकतो, हे उद्योगाला इथे कळले.

खुद्द कंपनीकडून भाग मागून घेण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९६० च्या दशकाच्या अखेरचे आहे. बारा-तेरा वर्षांच्या स्टीव्ह जॉब्सला फ्रीक्वेन्सी काउंटर बनवायचा होता आणि भाग मिळत नव्हते. त्याने टेलिफोनच्या डिरेक्टरीत ह्यूलेट-पॅकार्डचे संस्थापक बिल ह्यूलेट यांचा घरचा नंबर शोधला आणि थेट फोन लावला. ह्यूलेट यांनी भाग तर दिलेच, शिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीत कारखान्यात कामही दिले. ही गोष्ट जॉब्सच्या चरित्राचा अलंकार म्हणून सांगितली जाते, पण तिच्यात त्या परिसराची रीत दिसते. कॅलिफोर्नियाच्या सांता क्लारा खोऱ्यात कारखाने, इंजिनिअर आणि छंदिष्ट मुले एकाच गल्लीत राहत होती. तिथे भाग मागणे ही भीक नव्हती, शेजारधर्म होता.

त्याच परिसरात ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. बैठक संपून लोक निघण्याच्या तयारीत असताना मार्टी स्पर्जेल यांनी इंटेलची ८००८ ही चिप हातात धरून ती कुणाला उपयोगी पडेल असे विचारले, आणि एकाला देऊन टाकली. संगणकाचा मेंदू म्हणता येईल अशी चिप एका छंदिष्टाने दुसऱ्याला फुकट द्यावी, हे त्या काळात लहानसहान दान नव्हते. क्लबचे दुसरे संस्थापक फ्रेड मूर यांचा आग्रहच होता की माहिती, सर्किट आणि भाग यांची देवाणघेवाण हेच क्लबचे काम असावे. पुढे ॲपल कंपनी ज्यातून निघाली तो संगणक स्टीव्ह वॉझनिॲक यांनी याच क्लबात दाखवला, आणि त्याचे सर्किट ते क्लबातल्या लोकांना फुकट वाटत असत.

१९७५ च्याच सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या वेसकॉन प्रदर्शनाच्या वेळी एमओएस टेक्नॉलॉजीने ६५०२ ही चिप अवघ्या २५ डॉलरला विकली. इंटेलच्या ८०८० चा जाहीर दर तेव्हा ३६० डॉलर होता. प्रदर्शनाच्या दालनात विक्रीला बंदी असल्याने कंपनीचे चक पेडल यांनी हॉटेलातल्या खोलीतून विक्री केली. चिप काचेच्या बरण्यांत भरून ठेवल्या होत्या. बरण्यांतल्या तळाच्या चिप चालणाऱ्या नव्हत्या, त्या बरणी भरलेली दिसावी म्हणून होत्या. ही विक्री होती, वाटप नव्हे. पण नव्या माणसाच्या हाती आधी चिप पडली पाहिजे, नफा मागून येईल, हा विचार तोच होता. वॉझनिॲक यांनी आपला संगणक याच चिपवर बांधला.

१९८० ते २००० या काळात नमुन्यांचे वाटप पद्धतशीर झाले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, मॅक्सिम, ॲनालॉग डिव्हायसेस, नॅशनल सेमीकंडक्टर, मायक्रोचिप या सगळ्या कंपन्या मागणी आली की नमुने पाठवत. आधी पत्राने किंवा प्रतिनिधीमार्फत मागणी करावी लागे. नंतर इंटरनेटवरचा अर्ज भरला की काम होई. कंपनीचे किंवा कॉलेजचे नाव आणि कशासाठी हवे हे लिहायचे, की काही दिवसांत पाकीट दारात. आत काळ्या फोममध्ये पाय रोवलेल्या किंवा लांबट प्लॅस्टिकच्या नळीत ओळीने बसवलेल्या चिप आणि वर छापील लेबल.

मागणी कशाला असे, हे एका चिपवरून समजते. मॅक्सिमने १९८७ साली बाजारात आणलेली मॅक्स२३२ ही चिप जगभरातल्या विद्यार्थ्यांनी मागवली. संगणकाच्या सीरियल पोर्टवरचे सिग्नल धन आणि ऋण अशा दोन्ही बाजूंना कित्येक व्होल्ट जात, तर मायक्रोकंट्रोलर या नियंत्रक चिपला शून्य आणि पाच एवढेच व्होल्ट कळत. दोघांना थेट जोडले तर मायक्रोकंट्रोलर जळायचा. मॅक्स२३२ ही चार कपॅसिटरच्या मदतीने एकट्या पाच व्होल्टमधून दोन्ही बाजूंचे व्होल्टेज तयार करी आणि सिग्नल दोन्ही दिशांनी पालटून देई. घरी बनवलेल्या सर्किटला संगणकाशी बोलायला लावायचे तर तिच्याइतकी सोपी वाट नव्हती. सोळा पायांची ही चिप ब्रेडबोर्ड या भोकांच्या पाटीवर सरळ दाबून बसे, सोल्डरिंगचीही गरज नसे.

भारतातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना या नमुन्यांचे मोल अमेरिकेतल्या मुलांपेक्षा जास्त होते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातली बुधवार पेठेची तापकीर गल्ली इथे नेहमीच्या आयसी, रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, एलईडी मिळत. पण नव्या सेन्सरची किंवा अचूक ॲम्प्लिफायरची विशिष्ट नंबरची चिप हवी म्हटले की दुकानदार मान हलवी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला अशी चिप लागली तर कंपनीकडून येणारा नमुना हाच सोपा मार्ग होता. यात गैरवापरही झाला. एकाच चिपसाठी वर्गातले वीस जण अर्ज करत, आणि काही नमुने बाजारात विकलेही गेले. त्यामुळे पुढे अनेक कंपन्यांनी फुकट ई-मेलच्या पत्त्यावरून येणारे अर्ज घेणे बंद केले आणि कॉलेजचा किंवा कंपनीचा पत्ता सक्तीचा केला. कंपन्यांची संख्याही घटली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०११ साली नॅशनल सेमीकंडक्टर विकत घेतली आणि ॲनालॉग डिव्हायसेसने २०२१ साली मॅक्सिम.

नमुन्यांच्या चलतीला खरी ओहोटी लागली ती मात्र वेगळ्याच कारणाने. २००० नंतर नव्या चिप ब्रेडबोर्डवर बसणाऱ्या लांब पायांच्या आवरणात येईनाशा झाल्या. त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटणाऱ्या झाल्या, आणि काहींचे तर पायच पोटाखाली गेले. साध्या सोल्डरिंग गनने त्या बसवणे नवशिक्याला अशक्य. चिप फुकट मिळाली तरी ती वापरायची कशी, हा प्रश्न उभा राहिला. म्हणून वाटपाची वस्तू बदलली. चिपऐवजी चिप बसवलेला, यूएसबीने संगणकाला जोडता येणारा तयार बोर्ड देण्याचे युग सुरू झाले. इटलीतल्या इव्ह्रिया गावी २००५ साली जन्मलेल्या आर्डुइनोने बोर्ड आणि सॉफ्टवेअर दोन्हीचे आराखडे खुले ठेवले आणि नवशिक्याला काय लागते हे कंपन्यांना दाखवून दिले. २०१० साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने एमएसपी४३० लाँचपॅड बोर्ड ४.३० डॉलरला आणला. यूएसबी केबलही त्या किमतीत होती. नफ्याचा विचार त्या किमतीत दिसत नाही. नमुन्याचेच ते नवे रूप होते.

हार्डवेअर हाती पडल्याने इतिहास किती बदलू शकतो, याचा सर्वांत लखलखीत दाखला मात्र प्रोग्रॅमरच्या जगातला आहे. मे १९९४ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या ग्राहकांच्या संमेलनात त्या कंपनीचे जॉन हॉल यांची लिनस टॉर्व्हल्ड्सशी गाठ पडली. टॉर्व्हल्ड्स तेव्हा हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी होते. त्यांनी घडवलेले लिनक्स हे संगणक चालवणारे मूलभूत सॉफ्टवेअर इंटेलच्या ३८६ चिपला पक्के चिकटलेले होते, कारण ते लिहायला घेतले तेव्हा टॉर्व्हल्ड्सकडे तसाच संगणक होता. हॉल यांनी कंपनीत खटपट करून ६४ बिटांच्या अल्फा प्रोसेसरचा एक संगणक हेलसिंकीला पाठवण्याची व्यवस्था केली. अल्फावर लिनक्स चालवायचे म्हणजे एका विशिष्ट चिपवर अवलंबून असलेला कोड बाकीच्या कोडपासून वेगळा काढणे भाग होते. ते काम झाले, आणि १९९५ मध्ये आलेल्या लिनक्सच्या १.२ या आवृत्तीत अल्फाला जागा मिळाली. आज फोनपासून महासंगणकापर्यंत जे लिनक्स चालते, त्याला अनेक प्रकारच्या चिपवर चालण्याची सवय त्या कामाने लावली. गंमत अशी की डिजिटल कंपनी १९९८ साली विकली गेली, अल्फा चिपही पुढे बंद पडली, पण तिच्यासाठी केलेली आखणी टिकली. एका माणसाला दिलेल्या एका यंत्राचे एवढे मोठे फळ दुसरे क्वचितच सापडेल. अर्थात ते यंत्र योग्य हाती गेले होते, आणि हॉल यांनी ते हात विचारपूर्वक निवडले होते.

मासिकाबरोबर भाग देण्याची परंपरा जपानमध्ये विशेष बहरली. गाक्केन प्रकाशनाची शालेय विज्ञान मासिके मुलांसाठी प्रयोगाचे साहित्य बरोबर देत. त्याच मुलांनी मोठेपणी पुन्हा हात चालवावेत म्हणून २००३ पासून मोठ्यांसाठीचे विज्ञान मासिक सुरू झाले. २००९ साली त्याच्या एका अंकाबरोबर चार बिटांचा छोटा शैक्षणिक संगणक होता, तर २०१० साली आर्डुइनोशी जुळणारा जपानिनो हा बोर्ड. सीक्यू प्रकाशनाच्या ‘ट्रान्झिस्टर गिजुत्सु’ या तांत्रिक मासिकाने २००५ साली मायक्रोकंट्रोलरचा बोर्डच अंकाबरोबर दिला आणि अंकातले लेख त्या बोर्डावरच बेतले. ही रचना फार हुशारीची होती. वाचकाच्या हातात तोच बोर्ड, समोर त्याच बोर्डाचा धडा, आणि पुढच्या अंकात पुढची पायरी.

इंग्लंडमध्ये या कल्पनेचा कळस झाला २६ नोव्हेंबर २०१५ रोजी. रास्पबेरी पाय फाउंडेशनच्या ‘द मॅगपाय’ या मासिकाच्या चाळिसाव्या अंकाच्या मुखपृष्ठावर एक संपूर्ण संगणक चिकटवलेला होता. रास्पबेरी पाय झिरो हा तो बोर्ड ६५ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद होता. त्यात एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ५१२ मेगाबाइट मेमरी. सुटा घेतला तर किंमत पाच डॉलर, आणि अंकाबरोबर फुकट. मासिकाच्या मुखपृष्ठावर अख्खा संगणक देण्याची ही जगातली पहिलीच वेळ होती. अंकाच्या दहा हजार प्रती पाहता पाहता संपल्या, आणि सुटे वीस हजार बोर्डही पहिल्याच दिवशी गेले. फाउंडेशनचे एबन अप्टन यांनी पुढे सांगितले की ते आधी अधिक महागड्या, अधिक ताकदीच्या संगणकाचा विचार करत होते. २०१३ साली गूगलचे एरिक श्मिट यांच्याशी बोलणे झाल्यावर त्यांनी उलट दिशा धरली आणि किंमत खाली, अजून खाली नेण्यावर भर दिला. त्याच वर्षी गूगलने ब्रिटनमधील शाळकरी मुलांसाठी १५,००० रास्पबेरी पाय संगणकांचा खर्चही उचलला होता. जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलरचा पिको बोर्ड बाजारात आला तेव्हा तोही ‘हॅकस्पेस’ मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून वाचकांना दिला गेला.

दुकानदारांचे वाटप निराळ्या जातीचे होते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर शहरात नेथन साइडल यांनी २००३ साली सुरू केलेल्या स्पार्कफनने ७ जानेवारी २०१० रोजी ‘फ्री डे’ केला. प्रत्येक ग्राहकाला शंभर डॉलरपर्यंतचा माल फुकट, एकूण एक लाख डॉलर संपेपर्यंत. जगभरचे हौशी लोक एकाच क्षणी तुटून पडले आणि दुकानाचे सर्व्हर गुदमरले. ज्यांचे पान उघडले त्यांना माल मिळाला, बाकीचे तासन्‌तास पान ताजे करत बसले. रक्कम दोन तासांच्या आत संपली. पुढच्या वर्षी कंपनीने सुधारणा केली आणि इलेक्ट्रॉनिक्सची प्रश्नमंजूषा सोडवणाऱ्यालाच माल दिला. त्यामुळे माल निदान विषयाची ओढ असलेल्यांकडे गेला. अशा वाटपातून दुकानाची कीर्ती झाली हे खरे, पण शिकणाऱ्यांच्या दृष्टीने त्याचे मोल बेताचेच. कुणाला काय मिळाले हे नशिबावर ठरले.

त्यापेक्षा कमी गाजावाजा झालेली एक रीत जास्त गुणाची ठरली. सर्किट बोर्ड कारखान्यात मोठ्या तावावर एकत्र छापले जातात, त्यामुळे एकाच बोर्डाची गरज असली तरी हाती तीन, पाच किंवा दहा येतात. अमेरिकेतील ओश पार्क तीन प्रती देते. उरलेल्या प्रती छंदिष्ट एकमेकांना वाटत आले. डेंजरस प्रोटोटाइप्स या संस्थेने तर आपल्या खणात साचलेले कोरे बोर्ड दर आठवड्याला मागेल त्याला पोस्टाने फुकट पाठवण्याचा परिपाठ ठेवला. बोर्ड कोरा, त्यावरचे भाग घेणाऱ्याने स्वतः विकत घ्यायचे आणि सोल्डर करायचे. घेणाऱ्याला काम करावेच लागे, म्हणून त्यातून खरोखर काहीतरी बने. एलिमेंट१४ या भाग-विक्रेत्या कंपनीच्या ‘रोडटेस्ट’ उपक्रमात याहून स्पष्ट अट होती. आपण या बोर्डाचे काय करणार याचा आराखडा आधी द्यायचा, निवड झाली तर बोर्ड फुकट, आणि वापरून झाल्यावर सविस्तर परीक्षण लिहायचे. दोन्ही बाजूंना आपण काय देतो-घेतो हे ठाऊक असलेला हा व्यवहार होता.

बड्या कंपन्यांनी आपल्या संमेलनांत जे वाटले त्याची कथा मात्र वेगळी. गूगलच्या आय/ओ संमेलनात २००९ पासून काही वर्षे फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप अशी महागडी यंत्रे येणाऱ्या प्रत्येकाला दिली जात, आणि २०११ साली तर आर्डुइनोवर बेतलेला फोनला जोडायचा बोर्डही दिला गेला. नोव्हेंबर २०१० मध्ये डब्लिन येथे नोकियाच्या पाठबळावरील मीगो या नव्या प्रणालीच्या संमेलनात प्रोग्रॅमरना लॅपटॉप वाटले गेले. तीनच महिन्यांत नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी केली, आणि वर्षभराच्या आत मीगोचा गाशा गुंडाळला गेला. ज्यांनी त्यासाठी प्रोग्रॅम लिहायला घेतले होते त्यांचे कष्ट वाया गेले. यंत्र फुकट होते, पण त्यावर घातलेला वेळ फुकट नव्हता.

इंटेलचे उदाहरण याहून बोलके आहे. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी रोममध्ये कंपनीचे प्रमुख ब्रायन क्रझॅनिच यांनी आर्डुइनोशी जुळणारा गॅलिलिओ बोर्ड जाहीर केला आणि दीड वर्षात जगातील एक हजार विद्यापीठांना पन्नास हजार बोर्ड देण्याची घोषणा केली. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनेही निवडक प्रोग्रॅमरना तो बोर्ड फुकट पाठवला. पण बोर्डाची आखणीच अडचणीची होती. प्रोसेसर ४०० मेगाहर्ट्झचा असला तरी बाहेरच्या पिना त्याच्याशी थेट जोडलेल्या नव्हत्या. त्या एका मधल्या चिपमार्फत, संथ तारेवरून चालत. परिणामी एखादी पिन चालू-बंद करण्याचा वेग सेकंदाला जेमतेम २३० वेळा. साधा आर्डुइनो हेच काम त्याच्या कितीतरी पट वेगाने करतो. मोटर, सेन्सर, दिवे यांच्याशी खेळणाऱ्याला नेमका हाच वेग लागतो. सुधारित आवृत्ती आली, पण जून २०१७ मध्ये इंटेलने गॅलिलिओ आणि त्याची भावंडे एडिसन व जूल ही सगळीच बंद करत असल्याचे जाहीर केले. कुलूप लावलेल्या प्रयोगशाळेच्या कपाटात नव्याकोऱ्या खोक्यांत बसलेले बोर्ड हे अशा वाटपाचे फलित असेल, तर ते विद्यार्थ्यांच्या आळसामुळे नव्हे. देणाऱ्याने घेणाऱ्याची गरज समजून घेतली नाही, आणि हात लवकर काढून घेतला.

याच्या अगदी उलट टोकाला ब्रिटनचा मायक्रो:बिट आहे, आणि या साऱ्या इतिहासातले सर्वांत विचारपूर्वक केलेले वाटप म्हणून त्याचेच नाव घ्यावे लागेल. बीबीसीने १९८१ साली एकॉर्न कंपनीकडून बीबीसी मायक्रो संगणक बनवून घेऊन दूरदर्शनवरून एका पिढीला संगणक शिकवला होता. सरकारने शाळांना त्यासाठी निम्मा खर्च दिला होता. ते संगणक शाळेचे होते. मार्च २०१५ मध्ये जाहीर झालेल्या मायक्रो:बिटच्या योजनेत मात्र देशातल्या अकरा-बारा वर्षांच्या प्रत्येक मुलाला, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांना, स्वतःच्या मालकीचा बोर्ड मिळायचा होता. शाळेने तो परत घ्यायचा नव्हता. मूल तो घरी नेणार, मोडणार, भावंडांना दाखवणार.

बोर्ड पाच सेंटिमीटर लांब आणि चार सेंटिमीटर रुंद. दर्शनी बाजूला पाच ओळींत पंचवीस लाल एलईडी, दोन बटणे, आणि आत हालचाल व चुंबकीय दिशा ओळखणारे सेन्सर. खालच्या कडेला पाच मोठी गोल भोके होती. त्यांत मगर-चिमटा सहज अडकतो, म्हणजे लहान मुलालाही सोल्डरिंगशिवाय तार जोडता येते. प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झचा आणि मेमरी फक्त १६ किलोबाइट. आकडे किरकोळ वाटतात, पण बोर्डाची खरी ताकद सॉफ्टवेअरमध्ये होती. ब्राउझरमध्ये रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचा, फाइल पेन ड्राइव्हवर टाकावी तशी बोर्डावर टाकायची, आणि दिवे लागतात. एआरएम, मायक्रोसॉफ्ट, लँकेस्टर विद्यापीठ, नॉर्डिक, फार्नेल अशा अनेकांनी मिळून तो उभा केला. वीजपुरवठ्यातील दोषामुळे २०१५ च्या शरदातले वाटप लांबले आणि मार्च २०१६ मध्ये सुरू झाले. त्यामुळे त्या वर्षी शिक्षकांना तयारीला आणि मुलांना शिकायला वेळ अपुरा पडला. तरीही २०१७ साली बीबीसीने जाहीर केलेल्या पाहणीत संगणक हा विषय नक्की घेऊ म्हणणाऱ्या मुलींचे प्रमाण बोर्ड वापरल्यावर २३ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर गेलेले दिसले.

वाटप संपल्यावर काय करायचे, याचाही विचार वेळीच झाला. २०१६ च्या शरदात बोर्डाची जबाबदारी स्वतंत्र ना-नफा फाउंडेशनकडे गेली. त्यामुळे बोर्ड पुढेही बनत राहिला, माफक किमतीत जगभर मिळू लागला, आणि २०२० साली स्पीकर व मायक्रोफोन असलेली दुसरी आवृत्ती निघाली. २०२३ च्या नव्या मोहिमेत ब्रिटनच्या प्राथमिक शाळांना सुमारे सात लाख बोर्ड मोफत देण्याचे ठरले. या वेळी मात्र ते मुलांना व्यक्तिगत न देता प्रत्येक शाळेला तीस बोर्डांचा संच अशा रूपात होते. शिक्षकाला हा संच वर्षानुवर्षे वापरता येतो, हा त्याचा फायदा. पण मुलाच्या दप्तरातला, त्याच्या स्वतःच्या मालकीचा बोर्ड जे कुतूहल जागवतो ते शाळेच्या कपाटातला संच जागवू शकत नाही. या बाबतीत २०१६ ची कल्पनाच जास्त धाडसाची होती.

भारतात स्वतःच्या मालकीच्या बोर्डाच्या सर्वांत जवळ गेलेला उपक्रम मुंबईतला आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कवी आर्य यांच्या नेतृत्वाखाली केंद्र सरकारच्या पैशांवर ई-यंत्र प्रकल्प सुरू झाला, आणि २०१२ पासून त्याची रोबोटिक्स स्पर्धा होऊ लागली. भाग घ्यायला शुल्क नसे. आधी चाचणी, आणि तीत निवडलेल्या चौघांच्या संघाला त्यांच्या कॉलेजात रोबोचा संच पाठवला जाई. सुरुवातीच्या वर्षांतला फायरबर्ड फाइव्ह हा रोबो एटीमेगा२५६० या मायक्रोकंट्रोलरवर चाले. पट्ट्यावरून चालण्याचे सेन्सर आणि छोटा डिस्प्ले त्यावर होता. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या कॉलेजात जिथे असा रोबो विकत घेणे दुरापास्त, तिथे तो थेट हातात येणे ही मोठी गोष्ट होती. स्पर्धेबरोबर शिकवण्याचे साहित्य, मार्गदर्शक आणि टप्प्याटप्प्याची कामे होती. शिवाय कॉलेजातच प्रयोगशाळा उभी राहावी म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणाची वेगळी शाखा होती. शालेय पातळीवर २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब योजनेत प्रत्येक निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. दहा हजारांहून अधिक शाळांत अशा प्रयोगशाळा आहेत.

परदेशातून एकट्या छंदिष्टाला मिळणाऱ्या फुकट बोर्डाची वाट मात्र अरुंद झाली. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने पोस्टाने किंवा कुरिअरने भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंची करमाफी जवळपास बंद केली. जीवरक्षक औषधे आणि राखी एवढेच अपवाद ठेवले. बाकी भेटवस्तूंवर पूर्ण कर भरावा लागतो. ई-कॉमर्स कंपन्या ‘भेट’ या शिक्क्याखाली माल आणत होत्या, त्यावरचा हा उपाय होता. पण त्यामुळे बक्षीस म्हणून मिळालेला वीस डॉलरचा बोर्ड सोडवायलाही कराचा आणि कुरिअरच्या हाताळणीचा भुर्दंड पडू लागला.

चिपपासून सुरू होऊन बोर्डापर्यंत आलेला हा प्रवास २०२० मध्ये पुन्हा चिपकडे वळला, पण या वेळी स्वतः आखलेल्या चिपकडे. गूगलने स्कायवॉटर या कारखान्याबरोबर १३० नॅनोमीटर प्रक्रियेची माहिती खुली केली आणि एफेबलेस कंपनीमार्फत कुणाचीही चिप फुकट बनवून देण्याचा उपक्रम सुरू केला. अट एकच, आराखडा संपूर्ण खुला हवा. एका खेपेत सुमारे चाळीस आराखडे एकाच सिलिकॉन तबकडीवर छापले जात, आणि प्रत्येकाला सुमारे दहा चौरस मिलिमीटर जागा. ज्या कामाला एरवी हजारो डॉलर लागत, ते विद्यार्थी आणि छंदिष्ट करू लागले. पहिल्या खेपेतल्या चिपच्या आतल्या घड्याळाच्या वेळेत दोष निघाला आणि बऱ्याच चिप चालवताना नाकी नऊ आले. पण पुढच्या खेपा सुधारत गेल्या. मॅट व्हेन यांच्या टायनी टेपआउट या उपक्रमाने एकाच चिपवर शेकडो लहान आराखडे कोंबून खर्च आणखी खाली आणला. मार्च २०२५ मध्ये निधीअभावी एफेबलेस बंद पडली, तेव्हा टायनी टेपआउटने जर्मनीतील आयएचपी संस्थेच्या कारखान्याचा आधार घेतला.

भारतात हेच काम सरकारी चौकटीत चालू आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमात ८५ हजार जणांचे मनुष्यबळ तयार करण्याचे उद्दिष्ट आहे. बंगळुरूच्या सी-डॅकमधील चिपइन केंद्र देशभरच्या महाविद्यालयांना चिप आखण्याची महागडी सॉफ्टवेअर मोफत वापरू देते, ठरावीक काळाने विद्यार्थ्यांचे आराखडे गोळा करते आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर प्रक्रियेवर छापून घेते. आवरणात बसवलेल्या तयार चिप ज्यांनी त्या आखल्या त्या विद्यार्थ्यांकडे परत पाठवल्या जातात.